म्हातारा कुत्रा अचानक तोल जाऊन पडतोय, मान डावीकडे कलली आहे. लकवा आहे का?

बोरीकाठ (ता. पारोळा) · सकाळी ८:४०

कुत्रा नर, गावठी आणि लॅब्रॅडॉरचा संकर, वय १३ वर्षं, वजन २२ किलो, नाव खंड्या. रात्री दूध-भाकरी खाऊन नेहमीसारखा ओट्यावर झोपला. आज पहाटे उठायला गेला तर उभंच राहता येईना. दोन पावलं टाकतो आणि डाव्या अंगावर कोसळतो. मान डावीकडे कललेली, डावा कान खाली. बुबुळं ठरत नाहीत, आडवी सरकतात आणि झटक्याने परत येतात. दोनदा पिवळसर उलटी झाली, लाळ गळते आहे, पाण्याला तोंड लावत नाही. पण शुद्धीवर आहे. हाक मारली की शेपटी हलवतो, चारही पाय हलवतो.

रेबीजची लस दरवर्षी दिलेली आहे, शेवटची जूनमध्ये. आधी कधी फिट आलेली नाही.

इथे प्रत्येकाचं वेगळं मत. शेजारचे आबा म्हणतात, "याले लकवा मारी गया, आते काही खरं नही." एकाने डाग द्यायला सांगितलं. आजी कानात लसणाचं कोमट तेल घालू म्हणते आहे. आणि एकाचा सल्ला आहे की तेरा वर्षं झाली, इंजेक्शन देऊन मोकळा करा.

हा खरंच लकवा आहे का? यातून कुत्रा उठतो का? आणि डॉक्टर येईपर्यंत घरी काय करायचं, काय टाळायचं? तालुक्याचे डॉक्टर दुपारनंतर भेटतील असं कळलंय.

---

पांझरा (पशुवैद्यक, धुळे) · सकाळी ९:१५

दादा, आधी दोन गोष्टी थांबवा: डाग आणि तेल. डागाने फक्त भाजतं, आणि या दिवसांत त्या जखमेत अळ्या पडायला वेळ लागत नाही. तेलाचं कारण वेगळं आहे. कानाचा पडदा फाटलेला असेल तर तेल थेट मधल्या कानात उतरतं आणि आहे तो आजार वाढतो. डॉक्टरांनी पडदा बघेपर्यंत कानात काहीही घालू नका. तेल नको, औषधाचे थेंबही नकोत.

आता लकव्याबद्दल. तुम्ही लिहिलेलं चित्र, म्हणजे एका रात्रीत गेलेला तोल, एका बाजूला कललेली मान, आडवी सरकणारी बुबुळं, उलटी, आणि तरीही जागं भान, हे म्हाताऱ्या कुत्र्यात बहुतेक वेळा आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा एका बाजूने बंद पडल्यामुळे दिसतं. आम्ही याला व्हेस्टिब्युलर आजार म्हणतो. डाव्या आणि उजव्या कानातून मेंदूला सारखा संदेश जात असतो. डावीकडचा संदेश तुटला की मेंदूला वाटतं शरीर उजवीकडे फिरतंय. ते सावरायला कुत्रा डावीकडे कलतो आणि पडतो. पायातली ताकद गेलेली नसते. लकवा आणि हे यातला फरक हाच आहे.

म्हाताऱ्या कुत्र्यात पुष्कळदा याचं कारण सापडतच नाही आणि तो आपोआप सुधारतो. पण "आपोआप सुधारेल" हे म्हणण्याआधी बिघाड कानात आहे की मेंदूत, हे बघावंच लागतं. त्यातलं बरंचसं तुम्हाला घरी बघता येईल, आणि ते डॉक्टरांना सांगितलंत तर त्यांचा अर्धा वेळ वाचेल.

पहिलं, बुबुळं. मोबाइलवर जवळून २० सेकंदांचा व्हिडिओ काढा. एकदा मान आहे तशी ठेवून, एकदा हनुवटीखाली हात धरून मान हळूच थोडी वर करून. बुबुळं एका बाजूला सावकाश सरकतात आणि दुसऱ्या बाजूला झटक्याने परत येतात. कानाचा आजार असेल तर झटका आडवा किंवा गोल फिरणारा असतो आणि त्याची दिशा कललेल्या बाजूच्या उलट असते. तुमच्याकडे मान डावीकडे आहे, म्हणजे झटका उजवीकडे असायला हवा. बुबुळं वर-खाली उडत असतील, किंवा मानेची स्थिती बदलली की झटक्याची दिशाही बदलत असेल, तर मेंदूचा संशय घ्यायचा.

दुसरं, पंजा. ही सगळ्यात कामाची तपासणी. एकाने पोटाखाली हात घालून कुत्र्याला उभं धरायचं, वजन पूर्ण तोलायचं. दुसऱ्याने एक पंजा हळूच उपडा करायचा, म्हणजे पंजाची वरची बाजू जमिनीला टेकवायची. नीट कुत्रा तो लगेच सरळ करतो. चारही पायांचं बघा. पंजा तसाच उपडा राहिला, किंवा एका बाजूचे दोन्ही पाय उशीर लावत असतील, तर बिघाड कानापुरता नाही. ही तपासणी गुळगुळीत फरशीवर करू नका, आणि नीट न तोलता तर मुळीच नको. नाहीतर तो नुसता पडेल आणि तुम्हाला वाटेल पाय गेला.

तिसरं, चेहरा. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याला बोट लावलं तर पापणी मिटते का? ओठ एका बाजूला लोंबतोय का? डाव्या डोळ्याची बाहुली उजवीपेक्षा बारीक आहे का, आतल्या कोपऱ्यातली पांढरट पापणी वर आली आहे का? चेहऱ्याची नस आणि डोळ्याची नस, दोन्ही मधल्या कानाजवळून जातात, त्यामुळे ही लक्षणं दिसली तर मधल्या कानातला संसर्ग आधी धरायचा.

चौथं, ताप आणि हिरड्या. गुदद्वारात थर्मामीटर, निरोगी कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. हिरड्या फिक्या असतील, किंवा पोटावर लाल ठिपके असतील, तर गोचीडतापाची तपासणी त्याच दिवशी हवी. आपल्याकडे गोचीड बारमाही आहे. एर्लिकिया या गोचीडतापामध्ये रक्तातल्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घसरतात, मेंदूच्या आवरणाला सूज येते आणि तोल जाऊ शकतो. तेव्हा "म्हातारपण आहे" म्हणून गप्प बसलं तर उपचाराचे दिवस हातचे जातात.

रेबीजची लस आहे हे तुम्ही सांगितलंत ते फार बरं केलंत. हा धागा दुसरे लोकही वाचतील म्हणून लिहितो. लस नसलेला कुत्रा लाळ गाळत लडखडत असेल, खालचा जबडा लोंबत असेल, गिळता येत नसेल, तर त्याच्या तोंडात हात घालायचा नाही, औषध पाजायला जायचं नाही. आधी वेगळा बांधायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं. उलट मान कललेला, बुबुळं फिरणारा, लस झालेला म्हातारा कुत्रा पिसाळलेला समजून लोक काठ्या घेऊन मारतात. म्हणून त्याला रस्त्यावर सोडू नका.

इंजेक्शन देऊन संपवायचं का, या प्रश्नाला उत्तर एकच: पहिल्या ७२ तासांत तो निर्णय घ्यायचा नाही. पहिला दिवस सगळ्यात वाईट दिसतो आणि त्यावरून पुढचं काहीही कळत नाही.

---

सातपुडा_पायथा (चोपडा) · सकाळी ९:५०

डॉक्टरांनी आजाराचं सांगितलं, मी सेवेचं सांगते. वयस्कर आणि जखमी कुत्री सांभाळण्याचं काम आमचा गट करतो. या आजारात निम्मं औषध म्हणजे जागा.

जागा: फरशी नको. शहाबादी असो की नवी चकचकीत टाइल, त्यावर पाय सरकले की तो घाबरून आणखी धडपडतो आणि कंबर दुखावून घेतो. शेणाने सारवलेली जमीन असेल तर तिथेच ठेवा, पायाला पकड मिळते. नसेल तर गोणपाटाचे दोन थर आणि वर सतरंजी, कडा विटांनी दाबून. बाजेवर किंवा दिवाणावर झोपवू नका, लोळून खाली पडेल. साधारण चार बाय सहा फुटांची जागा, भिंतीच्या कोपऱ्यात, उरलेल्या दोन बाजूंना गाद्या किंवा भरलेली पोती. जिना, हौद, विहीर आणि शेततळ्याकडचं दार बंद. इतर कुत्र्यांपासून दूर, कारण लडखडणाऱ्या कुत्र्यावर सोबतचेही धावून जातात.

उजेड: रात्री दिवा चालू ठेवा, आणि वीज जाते तेव्हा बॅटरीचा. कानाने दगा दिल्यावर तोल डोळे आणि पाय सांभाळतात. अंधार केला की डोळेही गेले. "शांत पडू दे" म्हणून अंधाऱ्या खोलीत कोंडणं ही नेहमीची चूक आहे.

अंथरूण: फोमची गादी, वर गोधडी, मध्ये प्लास्टिकचा कागद. डाव्या अंगाला गोधडीची घट्ट वळकटी लावा, म्हणजे तो लोळत जाणार नाही. दर दोन-तीन तासांनी कूस बदला, पण पाठीवरून उलथवू नका. आधी छातीवर बसवा, तसाच मिनिटभर धरा, मग दुसऱ्या कुशीवर टेकवा. पाठीवरून फिरवलं की चक्कर भडकते आणि उलटी होते. बऱ्याच कुत्र्यांना कललेल्या बाजूवरच पडून राहायचं असतं, उजवीकडे ठेवलं की लगेच परत लोळतात. मग हट्ट करू नका, छातीवर बसवून दोन्ही बाजूंनी उशा लावल्या तरी चालतं. कोपर आणि कंबरेचं हाड रोज बघा, कातडी लाल झाली की तिथे जादा मऊ घडी द्या.

उचलणं: अचानक उचलू नका. एक हात छातीखाली, एक मांड्यांखाली, डोकं तुमच्या छातीला टेकलेलं. जमिनीवर ठेवताना चारही पंजे टेकले याची खात्री झाल्यावरच हात सोडा.

चालवणं: मोठा टॉवेल किंवा जुनं उपरणं पोटाखालून, मागच्या पायांच्या थोडं पुढे. नर आहे, तेव्हा लघवीची जागा दाबली जाणार नाही असं बघा, नाहीतर तो लघवी करणारच नाही. गळ्यातला पट्टा काढून छातीचा पट्टा लावा. तो डावीकडे पडतो ना, मग तुम्ही त्याच्या डाव्या बाजूला चाला आणि तुमच्या पायाचा टेका द्या, किंवा भिंत डावीकडे येईल असं चालवा. दर चार-पाच तासांनी बाहेर न्या. घरात घाण न करणारे कुत्रे अशा वेळी लघवी धरून ठेवतात. पूर्ण दिवस लघवी झाली नसेल तर डॉक्टरांना सांगायचंच.

पाणी: २२ किलोच्या कुत्र्याला दिवसाला एक ते सव्वा लिटर लागतं. उलटी थांबेपर्यंत भांडं भरून पुढे ठेवू नका. दर अर्ध्या तासाला दोन-तीन चमचे. छातीवर बसलेला असताना, मान सरळ धरून, उथळ ताटलीतून. नाहीच पीत तर सुई काढलेल्या १० मिलीच्या सिरिंजने, गालाच्या कोपऱ्यातून, एका वेळी दोन-तीन मिली, आणि गिळलं हे बघूनच पुढचं. तोंड वर करून घशात ओतलं तर पाणी फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. या आजारात चकरेपेक्षा जास्त धोका मला त्याचाच वाटतो.

खाणं: उलटीनंतर सहा-सात तास काही नको. मग मऊ भात आणि उकडलेलं अंडं किंवा कोंबडी, सुपारीएवढे गोळे हातावर, दिवसातून चार-पाच वेळा. फोडणीचं, कांदा-लसणाचं, उरलेली मसाल्याची भाजी अजिबात नको. कुत्रा खात नाही याचा अर्थ भूक मेली असा नसतो. मळमळ असते, किंवा डोकं वाकवलं की गरगरतं. भांडं विटेवर ठेवून छातीच्या उंचीला आणलं की पुष्कळ कुत्री खायला लागतात.

आणि माणसाच्या गोळ्या देऊ नका. दुखत असेल म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन दिलं तर पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंड बिघडतं. म्हाताऱ्यात तर हमखास.

---

बोरीकाठ · सकाळी ११:०५

ताई, डॉक्टर, दोघांचे आभार. ओट्यावरून मागच्या खोलीत हलवलं, तिथे सारवलेली जमीन आहे.

बघितलं ते असं. बुबुळांचा झटका उजवीकडे, आडवाच, मान वर केली तरी तसाच. चारही पंजे लगेच सरळ करतो. ताप १०२. हिरड्या गुलाबी. डावी पापणी मिटते, पण उजवीपेक्षा सावकाश. डावी बाहुली थोडी बारीक वाटते, नक्की सांगता येत नाही.

एक गोष्ट आधी लिहायची राहिली. तो डावा कान खाजवायचा, आत तपकिरी मळ आणि वास होता. मेडिकलमधून कानाचे थेंब आणले होते, बाटलीवर जेंटामायसिन आणि बीटामेथासोन लिहिलंय. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घातले. त्याचा याच्याशी संबंध असेल का?

---

पांझरा · सकाळी ११:२५

असू शकतो, आणि यामुळे माझ्या मनातला क्रम बदलला. आता "कारण न सापडणारा म्हातारपणीचा आजार" खाली गेला आणि "डाव्या मधल्या-आतल्या कानाचा संसर्ग" वर आला. सावकाश मिटणारी पापणी आणि बारीक बाहुली त्याच बाजूला बोट दाखवतात. पंजे चारही नीट आहेत ही चांगली बातमी, मेंदूचा संशय त्याने खूप कमी होतो.

थेंब आजपासून बंद. जेंटामायसिन, अमिकासिन, निओमायसिन ही एका गटातली औषधं आतल्या कानाच्या पेशींना मारक असतात. पडदा शाबूत असेल तर ती बाहेरच्या कानात थांबतात. पडदा फाटलेला असेल तर आत उतरतात आणि तोल आणि ऐकणं दोन्ही बिघडवू शकतात. कान धुवायच्या क्लोरहेक्झिडीनबद्दलही हेच. संसर्गाने बिघडलं की थेंबांनी, हे आज सांगता येणार नाही. कदाचित दोन्ही. उपचाराची दिशा मात्र तीच राहते. बाटली दवाखान्यात सोबत न्या.

डॉक्टरांना हे विचारा. एक, कानात दुर्बीण घालून पडदा बघणं. मळ जास्त असेल आणि कान दुखत असेल तर भूल न देता नीट दिसत नाही, आणि आज चक्कर असताना लगेच भूल देणं टाळलेलं बरं. दोन-तीन दिवसांनी तो स्थिरावला की करता येईल. दोन, कापसाच्या काडीवर मळ घेऊन काचपट्टीवर तपासणी, म्हणजे बुरशी आहे की जिवाणू हे कळतं. शक्य असेल तर कल्चर, म्हणजे जिवाणू वाढवून कुठलं औषध लागू पडेल ते बघणं. तीन, रक्त: पेशींची मोजणी प्लेटलेटसह, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), आणि गोचीडतापाची किट. थायरॉइड कमी असल्यानेही असा तोल जातो, पण ती तपासणी आज करू नका. कुत्रा दुसऱ्या कुठल्याही आजाराने पडलेला असेल तर टी-४ (थायरॉइडचं संप्रेरक) खोटं कमी दिसतं आणि उगाच जन्मभराची गोळी सुरू होते. तो बरा झाल्यावर टी-४ आणि टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) एकत्र करा.

मधल्या कानाचा संसर्ग ठरला तर तोंडाने अँटिबायोटिक चार ते सहा आठवडे, काहींना आठ. इथेच सगळे चुकतात. दहाव्या दिवशी कुत्रा चालायला लागतो, घरचे गोळ्या थांबवतात, आणि महिन्याभरात तीच कहाणी जास्त जोराने परत येते. हाडाच्या पोकळीत औषध सावकाश पोचतं, म्हणून एवढे दिवस.

उलटीसाठी मॅरोपिटंट, कातडीखाली १ मिलिग्रॅम प्रतिकिलो, दिवसातून एकदा. ओंडान्सेट्रॉन ०.५ मिलिग्रॅम प्रतिकिलो, म्हणजे तुमच्या कुत्र्याला साधारण ११ मिलिग्रॅम, आठ ते बारा तासांनी. ओंडान्सेट्रॉनने लाळ आणि ओठ चाटणं लवकर कमी होतं आणि ते कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. मात्रा मी चर्चेसाठी लिहिली आहे, द्यायचं ते डॉक्टरांनी बघूनच. मेटोक्लोप्रमाइड किंवा डोमपेरिडोन सवयीने दिलं जातं, पण चकरेतून येणाऱ्या उलटीवर त्याचा कुत्र्यात फारसा उपयोग होत नाही. पाणी टिकत नसेल तर सलाइन.

दोन गोष्टींना नम्रपणे नाही म्हणा. "सूज उतरायला" म्हणून दिलेलं स्टिरॉइड: या आजारात त्याने फायदा होतो असं दिसलेलं नाही, आणि संसर्ग असेल तर उलटं पडतं. दुसरं, दिवसभर गुंगीत ठेवणारं औषध. एका कानाच्या संदेशावर काम चालवायला मेंदू शिकतो, पण त्यासाठी कुत्र्याला जागं राहून, धडपडत का होईना, हालचाल करावी लागते. खूपच तडफडत असेल, स्वतःला आपटून घेत असेल, तर एखादी हलकी मात्रा ठीक आहे.

---

केळीपट्टा (रावेर) · दुपारी १२:१०

बोरीकाठ भाऊंच्या कुत्र्याला हे लागू होईल असं वाटत नाही, पण आपल्या भागात फवारणीचे दिवस आहेत आणि "तोल गेला" म्हणून येणारे सगळे कुत्रे कानाचे नसतात. कृषी केंद्राच्या कामामुळे औषधांची माहिती आहे, तेवढंच लिहितो.

कपाशीवरची मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, असिफेट ही एकाच गटातली. कुत्रा फवारलेल्या रानातून आला, पंपाच्या सांडलेल्या पाण्यात लोळला आणि अंग चाटलं, की विषबाधा. यात लाळ भरपूर, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, पातळ शौच आणि अंगावरचे स्नायू फुरफुरतात. मान एका बाजूला कलत नाही. कुत्रा सगळ्याच बाजूंनी झुलतो. अशा वेळी हातमोजे घालून साबण-पाण्याने अंग धुवा, बाटलीचं लेबल फोनवर टिपून घ्या आणि लगेच डॉक्टर. अॅट्रोपीन वेळेत मिळालं तर जीव वाचतो. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, तोल नसलेल्या कुत्र्याला ते श्वासनलिकेत जातं.

दुसरं म्हणजे आयव्हरमेक्टिन. गुरांचं एक टक्क्याचं इंजेक्शन म्हणजे एका मिलीत १० मिलिग्रॅम. खरूज-गोचिडीसाठी डॉक्टर कुत्र्याला साधारण ०.२ मिलिग्रॅम प्रतिकिलो धरतात, म्हणजे २० किलोला ०.४ मिली. दशांश चिन्ह विसरून कुणी ४ मिली टोचलं की दहापट झालं. मग कुत्रा झिंगतो, बाहुल्या मोठ्या होतात, काही वेळा डोळ्यांनी दिसेनासं होतं. कोली जातीच्या रक्ताचा कुत्रा असेल तर थोड्या मात्रेनेही होतं. गोचिडीचं अमिट्राझ पाण्यात नीट न मिसळता अंगाला चोळलं तरी कुत्रा सुस्त आणि लडखडता होतो, अंग गार पडतं.

तालुक्याचे डॉक्टर भेटत नसतील तर १९६२ ला फोन करा, पशुधनासाठीचा टोल-फ्री क्रमांक आहे. कुत्र्यासाठी गाडी येईलच असं नाही, पण जवळ कोण भेटेल हे विचारून ठेवावं.

---

पांझरा · दुपारी १२:३०

केळीपट्टा, चांगलं लिहिलंत. त्यात मेट्रोनिडाझोलची भर घालतो, कारण हगवण लागली की ही गोळी घरोघरी दिली जाते. दिवसाला ६० मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या पुढे गेलं, किंवा बरेच दिवस चाललं, की तोल जातो आणि बुबुळं वर-खाली उडतात. ४०० ची गोळी १० किलोच्या कुत्र्याला दिवसातून दोनदा दिली तर ८० मिलिग्रॅम प्रतिकिलो होतात. गोळी थांबवली की कुत्रा सुधारतो, डॉक्टरांनी डायझेपाम दिलं तर आणखी लवकर.

---

बोरीकाठ · दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी ६:२०

डॉक्टर येऊन गेले. कानात मळ आणि पू आहे, पडदा दिसला नाही. काचपट्टीवर जिवाणू दिसले. प्लेटलेट आणि क्रिएटिनिन ठीक, गोचीडतापाची किट निगेटिव्ह. ओंडान्सेट्रॉन आणि सलाइन दिलं, तोंडाने अँटिबायोटिक सुरू. आज उलटी नाही, हातावरचा भात-अंडं खाल्लं, पाणी पितोय. बुबुळांचे झटके कमी झालेत असं वाटतं. पण अजून टॉवेलशिवाय उभा राहत नाही, आणि मान तशीच.

नातेवाईक म्हणतात मुंबईला नेऊन एमआरआय करा. न्यावं का? आणि मान सरळ व्हायला किती दिवस?

---

पांझरा · रात्री ८:००

आज नेऊ नका. जळगावकडून मुंबई सव्वाचारशे किलोमीटर. चक्कर असलेल्या कुत्र्याला एवढा प्रवास म्हणजे पुन्हा उलट्या आणि पाणी कमी होणं. वर एमआरआयला पूर्ण भूल लागते. पंजे नीट, शुद्ध नीट, झटका आडवा, आणि कानात दिसणारं कारण, एवढं हातात असताना एमआरआयने आजचा उपचार बदलणार नाही.

मेंदूच्या तपासणीकडे वळायचं ते यातलं काही दिसलं तर: तीन-चार दिवसांत सुधारणेऐवजी घसरण, एखादा पंजा उपडा राहायला लागणं, भान मंदावणं, फिट, गिळता न येणं, किंवा मान आज डावीकडे आणि उद्या उजवीकडे. यातलं एकही आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, वाट बघू नका. मेंदूतल्या रक्तवाहिनीचा झटका निघाला तरी लगेच हातपाय गाळू नका. त्यातूनही बरेच कुत्रे काही आठवड्यांत चालायला लागतात. मात्र तेव्हा रक्तदाब आणि मूत्रपिंड तपासून घ्यावं लागतं.

सुधारण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी बुबुळं थांबतात, बहुतेकांची दोन ते चार दिवसांत. मग उलटी पूर्ण जाऊन भूक येते. त्यानंतर टेका घेऊन उभं राहणं, साधारण आठवड्याच्या आत. सरळ चालणं दोन-तीन आठवडे घेतं, कोपऱ्यावर वळताना अडखळणं त्याहून लांबतं. मान सगळ्यात शेवटी, आणि काहींची थोडी कललेलीच राहते. त्याने त्याचं काही अडत नाही, खातो, फिरतो, राखण करतो. कानाच्या संसर्गात हा क्रम थोडा लांबू शकतो, आणि पापणी पूर्ण मिटायला वेळ लागतो. तोवर डाव्या डोळ्यात डोळ्यांचा ओलावा टिकवणारे साधे थेंब दिवसातून चार वेळा घाला, नाहीतर बुबुळ कोरडं पडून व्रण होतो. स्टिरॉइड असलेले थेंब डोळ्यात नकोत.

---

सातपुडा_पायथा · रात्री ८:३५

उद्यापासून दिवसातून चार-पाच वेळा, पाच-पाच मिनिटं, टॉवेलच्या आधाराने मातीवर उभा करा. टॉवेल हळूहळू सैल करा, पण हातातून सोडू नका. तो स्वतः पाऊल टाकायला लागला की आधी सरळ रेषेत चालवा, वळणं दोन दिवसांनी. पायाच्या नखांकडेही बघा, म्हाताऱ्या कुत्र्यांची नखं वाढलेली असतात आणि त्यामुळे पंजा नीट टेकत नाही. तेवढी कापली तरी पकड सुधारते. ऐकणं कमी झालेलं असू शकतं, तेव्हा मागून अंगाला हात लावू नका, समोरून या. दचकून पडतो, चावूही शकतो.

---

बोरीकाठ · रात्री ९:१०

नखं खरंच वाढलीत, उद्या कापतो. मळ्यातून गाईंच्या गोठ्यातली रबराची मॅट आणली आहे, ती सतरंजीखाली टाकली तर चालेल का?

---

सातपुडा_पायथा · रात्री ९:२०

चालेल, पण खाली नको, वर टाका. सतरंजी मॅटवरून सरकते. मॅट आधी फिनाइलने नव्हे, साध्या साबणाने धुऊन उन्हात वाळवा. कुत्रा तिच्यावर तोंड टेकून झोपणार आहे.

---

पांझरा · रात्री ९:४०

आणि तिसऱ्या आठवड्यात कान पुन्हा दाखवायचा दिवस डॉक्टरांकडून आजच ठरवून घ्या. पडदा दिसला, मळ गेला आणि काचपट्टी स्वच्छ आली तरच गोळ्या कधी बंद करायच्या ते ठरेल. तोवर आंघोळ नको, आणि नंतरही कानात कापूस घालूनच.